ब्रँडेड डेस्कटॉपचा मदरबोर्ड गेला. तसलाच जुना बोर्ड घालू की साधा नवा? आणि विंडोजचं काय होणार?

पत्रिकावाली_खानापूर

नमस्कार. खानापूरहून लिहिते. स्टेशन रोडला आमचं लग्नपत्रिका आणि डीटीपीचं दुकान आहे. बाबांनी काढलेलं. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून स्क्रीनवरचं काम मी करते. ते शेजारच्या खुर्चीत बसतात आणि "श्रीकृपेकरून मधला रू कुठला घातलीस?" असं विचारत राहतात.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी साडेतीनला वळीव आला. पहिला कडकडाट ऐकल्याबरोबर मी कॉम्प्युटर बंद केला, स्पाइक बस्टर बंद केला, प्लगसुद्धा ओढून काढला. इंटरनेटची वायर मात्र तशीच राहिली. ती खांबावरच्या डब्यातून थेट दुकानात येते, चाळीस-पन्नास मीटर तरी असेल. संध्याकाळी लाईट आल्यावर बटण दाबलं, तर पंखा दोन सेकंद फिरला आणि थांबला. समोरचा दिवा केशरी लुकलुकायला लागला. स्क्रीनवर काही नाही. राउटरही गेला.

मशीन एका मोठ्या कंपनीचं आहे, बारीक आडव्या डब्यातलं, बाबांनी २०१९ ला बेळगावातून घेतलेलं. आय५-८५००, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एम.२ एसएसडी, आणि मागाहून मी घातलेली १ टीबीची हार्ड डिस्क. विंडोज १० प्रो कंपनीकडूनच आलं होतं, पुढं फुकट ११ झालं.

बेळगावात तीन ठिकाणी विचारून आले. कंपनीच्या सर्विस सेंटरवाल्यांनी बोर्डाचे १५,८०० आणि वर १८ टक्के जीएसटी सांगितला. पंधरा दिवस लागतील, आणि डेटाची जबाबदारी आमच्यावर नाही म्हणाले. दुसरा म्हणाला, "ब्रँडचं काढून टाका, एच११० बोर्ड ३,२०० मध्ये बसवतो, विंडोजपण घालून देतो." तिसऱ्याकडं ह्याच मॉडेलचा वापरलेला बोर्ड आहे, ४,५०० ला, पंधरा दिवसांत बिघडला तर परत घेणार.

मला भीती पैशाची कमी आणि कामाची जास्त आहे. एसएसडीवर श्री-लिपी (देवनागरी टायपिंगचं), पेजमेकर ७ आणि कोरल (पान मांडायची) आहे. बाबांचे २००४ पासूनचे साचे पेजमेकरमध्ये आहेत. नवरा-नवरीची नावं बदलली की पत्रिका तयार, असे. त्यात तो जुना श्री-देव फॉन्ट हाच पाहिजे, नाहीतर उघडल्यावर देवनागरीच्या जागी नुसती इंग्रजी चिन्हं दिसतात. कानडी पत्रिकांचे साचे वेगळे. बैलहोंगल, धारवाडकडचे व्याही असले की एकाच घरात दोन्ही भाषांत छापायच्या असतात. अजून चार पत्रिका द्यायच्या आहेत, त्यातली एक तिथी सोळा दिवसांवर आली.

माझे प्रश्न असे. बोर्ड बदलल्यावर आहे तेच विंडोज चालेल का? ते 'ओरिजिनल' राहील का? परत घालायला लागलं तर श्री-लिपीचं काय? आणि कुठला बोर्ड घेऊ?

शहापूर_बोर्डवाला

ताई, शहापुरातून लिहितोय. एकवीस वर्षं हेच करालोय, तर जरा लांबण लागली तर वाचून घ्या.

पहिल्यांदा दुसऱ्या दुकानाचं. तो एच११० बोर्ड घेऊ नका, कितीला जरी दिला तरी. तुमचा प्रोसेसर आठव्या पिढीचा. सॉकेटचं नाव दोन्हीकडं एलजीए ११५१ च आहे, प्रोसेसर खाचेत बसतो सुद्धा, खरं चालू होत नाही. एच११० हा सहाव्या-सातव्या पिढीचा. आठव्या-नवव्याला ३०० मालिकेचा चिपसेट, म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप, लागतो, एच३१०, बी३६०, क्यू३७० असले. त्यानं एकतर प्रोसेसर न बघताच भाव सांगितला, नाहीतर तुमचा काढून ठेवून जुना घालून द्यायचा विचार असेल.

आता बोर्डच गेलाय हे कुणी तपासलं का? दोन सेकंद पंखा फिरून थांबणं हे पॉवर सप्लायचंही लक्षण असू शकतं. प्लग काढा, बटण दहा सेकंद दाबून धरा, मग डबा उघडा. एका हातानं डब्याच्या लोखंडाला स्पर्श ठेवा. रॅमची एकच पट्टी ठेवून बघा. बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी, सीआर२०३२, मीटरवर ३ व्होल्टच्या आसपास दाखवायला पाहिजे. काही ब्रँडच्या पॉवर सप्लायला मागं एक बारीक बटण आणि शेजारी हिरवा दिवा असतो. बोर्डाच्या सगळ्या वायरी काढून, प्लग लावून ते बटण दाबायचं. दिवा पेटला तर सप्लाय बहुतेक बरा आहे. समोरचा दिवा किती वेळा केशरी आणि किती वेळा पांढरा लुकलुकतो ते मोजून लिहून घ्या. त्या आकड्यांचा अर्थ कंपनीच्या सर्विस मॅन्युअलमध्ये तक्त्यात असतो, मॅन्युअल फुकट उतरवता येतं.

आणि लॅनच्या, म्हणजे इंटरनेटची वायर खोचता त्या, भोकाजवळ नाक न्या. मला वाटतंय वीज तिथूनच आली. वीज खांबावर पडायला लागत नाही. जवळपास कडाडली तरी चाळीस मीटर तांब्याच्या वायरीत दाब तयार होतो. लॅनच्या आत बारीक ट्रान्सफॉर्मर असतात, ते १,५०० व्होल्टपर्यंत अडवतात. विजेपुढं तेवढं पुरत नाही. दर वर्षी मे आणि ऑक्टोबरात माझ्या टेबलावर असलीच मशीन रांगेत असतात. प्लग काढलेला, लॅन राहिलेली.

आता बोर्ड कुठला. बारीक ब्रँडेड डब्यात साधा बोर्ड जवळजवळ बसतच नाही. स्क्रूची भोकं जुळत नाहीत, मागची पट्टी डब्यालाच ठोकलेली असते, समोरच्या बटणाची वायर वेगळी. सगळ्यात मोठी अडचण पॉवरची. साध्या बोर्डाला २४ पिनांचा प्लग लागतो. लेनोव्होच्या बऱ्याच थिंकसेंटरमध्ये तो १४ किंवा १० पिनांचा, एचपीच्या प्रोडेस्क-एलिटडेस्कमध्ये ६ चा, डेलच्या ऑप्टिप्लेक्समध्ये पिढीप्रमाणं ८ चा नाहीतर ६ चा. डिस्कला जाणारी वीजपण बोर्डावरूनच निघते. म्हणजे साधा बोर्ड म्हटलं की डबा नवा, सप्लाय नवा, आणि विंडोज गेलं.

विंडोज का गेलं ते सांगतो, तुमचा खरा प्रश्न तोच आहे. विंडोज ७ पर्यंत डब्यावरच्या स्टिकरवर २५ अक्षरांची की असायची. ८ पासून मोठ्या कंपन्या ती की बोर्डावरच्या बायोसच्या, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या, चिपमध्ये लिहून पाठवतात. तुमच्या डब्यावर स्टिकर असेल, खरं त्यावर की नसणार, बघा. १० आणि ११ मध्ये शिवाय मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर मशीनची ओळख नोंदलेली असते, आणि त्या ओळखीत सगळ्यात जास्त वजन बोर्डाला. रॅम बदला, डिस्क बदला, चालतं. बोर्ड बदलला की विंडोजच्या दृष्टीनं कॉम्प्युटरच दुसरा. कंपनीनं स्वतः खराब बोर्डाच्या बदली तसलाच बोर्ड दिला तर लायसन्स टिकतं, १५,८०० मध्ये तेही धरलेलं आहे.

श्री-लिपीचं उलटं आहे. त्याचं लायसन्स पेन ड्राइव्हसारख्या यूएसबीच्या लॉकमध्ये. लॉक शाबूत असलं की बोर्ड कुठलाही असू दे. ते लॉक त्या दिवशी मशीनला लावलेलं होतं का? असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून आजच बघा.

तर माझं मत तिसऱ्या दुकानाचा बोर्ड. खरं पैसे द्यायच्या आधी चार गोष्टी तिथंच बघा. बोर्डावर छापलेला पार्ट नंबर तुमच्या बोर्डाशी अक्षरन् अक्षर जुळतो का. प्रोसेसरच्या सॉकेटमधल्या बारीक पिना उजेडात तिरक्या धरून बघा, एकही वाकडी नको. बायोसमध्ये शिरताना पासवर्ड मागत नाही ना. आणि तो बोर्ड विंडोजसकट विकलेल्या मशीनमधला आहे की लिनक्स-डॉसवाल्या, कारण लिनक्सवाल्याच्या चिपमध्ये कीच नसते.

आणि ह्या सगळ्याच्या आधी दोन्ही डिस्का काढून दुसऱ्या कॉम्प्युटरवर कॉपी घ्या. सोळा दिवसांवरची पत्रिका आहे म्हणताय, तर आजच घ्या.

निपाणीचा_हिशेबनीस

शहापूरच्या दादांनी पासवर्डचं लिहिलंय त्यावर माझा अनुभव. आमच्या ऑफिसच्या मशीनला बाहेरगावाहून असाच वापरलेला बोर्ड मागवला. आधी तो कुठल्यातरी मोठ्या कंपनीत होता. बायोसला त्यांचा अ‍ॅडमिन पासवर्ड, यूएसबीवरून बूट बंद केलेलं, सिरियल नंबरही त्यांचाच. नाण्याची बॅटरी काढून बघितली, पासवर्ड गेला नाही. बिझनेस मशीनमध्ये तो बॅटरीवर राहत नाही, वेगळ्या चिपमध्ये राहतो. पाठवणाऱ्यानं महिनाभर फोन उचलला नाही. कुरियरचे पैसे गेले ते गेलेच.

दुसरं, त्या बोर्डात होम एडिशनची की होती आणि आम्हाला प्रो पाहिजे होतं. यूएसबीवरून विंडोज घातलं तर विचारलंच नाही, चिपमधली की वाचून गपचूप होम घातलं. दुकानदाराला होम का प्रो तेवढं आधी विचारा.

चिकोडी_असेंबल

माझं मत वेगळं आहे. सात वर्षांच्या मशीनवर ४,५०० कशाला घालायचे? त्यात थोडे घालून साधा डबा, नवा सप्लाय, नवा बोर्ड आणि नवीन पिढीचा आय३ घ्या. पुढं काही बिघडलं तर चिकोडीतसुद्धा पार्ट मिळतो. ब्रँडच्या पार्टसाठी दरवेळी शोधत फिरायला लागतं. विंडोजचं लायसन्स नवं घ्या. तीनशे-पाचशेला ऑनलाइन मिळणाऱ्या की मात्र घेऊ नका, त्यातल्या बऱ्याच एखाद्या कंपनीच्या ठोक लायसन्समधल्या असतात आणि काही महिन्यांनी बंद पडतात.

शहापूर_बोर्डवाला

चिकोडीचं चुकीचं नाही. सवड असती तर मीपण तेच म्हटलं असतं. खरं ताईंना सोळा दिवसांत पत्रिका द्यायची आहे. नव्या मशीनवर श्री-लिपी, पेजमेकर, दोन भाषांचे फॉन्ट, प्रिंटरची मापं हे सगळं बसवायला किती दिवस जातात ते डीटीपीवाल्याला विचारा. तोच बोर्ड घातला तर जुनं विंडोज जसंच्या तसं उठायची शक्यता आहे.

पत्रिकावाली_खानापूर

सगळ्यांचे आभार. काल भाचीच्या लॅपटॉपवर कॉपी घ्यायला बसले. आधी लॉक लावून बघितलं, त्याचा हिरवा दिवा लागला. बाबांनी देवाला हात जोडले.

हार्ड डिस्क यूएसबीच्या वायरीनं जोडली, 'पत्रिका' फोल्डर सगळं निघालं, ६८ जीबी. बाबांचे २००४ चे साचेपण. एसएसडी मात्र अडली. यूएसबीच्या डबीत घालून जोडली तर कुलपाचं चित्र आलं आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागते. बिटलॉकर म्हणे, डिस्कला कुलूप घालायची विंडोजची सोय. मी कधी लावलेलं नाही. फॉन्ट सगळे ह्याच एसएसडीवर आहेत. त्यांची सीडी होती, पण आता ती कुठल्याच ड्राइव्हवर वाचली जात नाही. हे कुणीतरी लावलेलं असणार ना? आणि आता?

डबा उघडून बघितला. पॉवर सप्लायचं बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. लॅनच्या भोकाजवळ एक काळी चिप आहे, तिच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं भोक पडलंय. वास अजून येतो.

शहापूर_बोर्डवाला

ते भोक म्हणजे उत्तरच. बोर्ड गेला.

बिटलॉकरचं घाबरू नका, खरं ते हलक्यात पण घेऊ नका. आठव्या पिढीच्या मशीनमध्ये टीपीएम नावाची सुरक्षिततेची सोय असते. बिटलॉकरची किल्ली तिथं ठेवलेली असते, म्हणून तुम्हाला रोज काही विचारत नव्हतं. ती सोय जुन्या बोर्डाबरोबर गेली. आता ४८ आकड्यांशिवाय ती डिस्क जगातला कुठलाच दुकानदार उघडू शकत नाही. कुणी "रिकव्हरी करून देतो" म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

ते आकडे तीन ठिकाणी असू शकतात. ज्यानं लावलं त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, पेन ड्राइव्हवर टेक्स्ट फाइलमध्ये, नाहीतर छापून घेतलेल्या कागदावर. बिटलॉकर लावताना ह्यातलं एक केल्याशिवाय ते पुढं जाऊ देत नाही, म्हणजे कुठंतरी आहेच. स्क्रीनवर की आयडी दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं लिहून घ्या. सापडलेल्या कागदावरचा आयडी त्याच्याशी जुळला तरच ती की ह्या डिस्कची. मशीन कुणी बसवून दिलं होतं त्याला विचारा.

पत्रिकावाली_खानापूर

मिळाली.

आतेभावानं लावलं होतं. तो पुण्याला असतो, २०१९ ला त्यानंच मशीन बसवून दिलेलं. फोनवर म्हणाला, दुकानात लोकांच्या आधारच्या झेरॉक्स स्कॅन होतात म्हणून लावलं होतं, कागद छापून मामांकडं दिला होता. मी बाबांना विचारलं. त्यांनी खुर्चीतून उठायचीपण तसदी घेतली नाही. "खालच्या कप्प्यात निळी फाइल, त्यात कॉम्प्युटरचं बिल, बिलाच्या मागं." फाइलमध्ये बिल होतं, वॉरंटीचं कार्ड होतं, आणि मागं चार घड्या घातलेला कागद. त्यावर बाबांच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं, "हा टाकायचा नाही." आयडीची आठही अक्षरं जुळली.

आकडे घातल्यावर भाचीच्या लॅपटॉपवर एसएसडी उघडली. लॅपटॉपला विंडोज होम आहे तरी उघडली. सगळे फॉन्ट, पेजमेकरच्या सेटिंग, सगळं उतरवून घेतलं आणि दोन ठिकाणी ठेवलं. त्या कागदाचा फोटो काढून आतेभावालाही पाठवला. परवा बेळगावला जाते बोर्ड बघायला.

पत्रिकावाली_खानापूर

आठ दिवसांनी लिहिते, कामात होते. झालं ते सगळं सांगते, म्हणजे पुढच्या कुणाला उपयोग होईल.

सकाळच्या बसनं बेळगावला गेले, जुना बोर्ड पिशवीत घेऊन. दुकानदाराच्या समोर दोन्ही बोर्ड शेजारी ठेवले, पार्ट नंबर जुळला. मोबाइलचा टॉर्च लावून पिना बघितल्या. त्यानं चालू करून दाखवला, बायोसला पासवर्ड नाही. विंडोज होतं का विचारलं, तर म्हणाला एका ऑफिसच्या वीस मशीन भंगारात आल्या, सगळ्या प्रोवाल्या होत्या. ४,५०० चे ४,२०० केले. प्रोसेसर त्याच्याकडूनच बसवून घेतला, कारण तेवढं करायला मला धीर झाला नाही. जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. बाकी जोडणी मी दुकानात येऊन केली. वायरी काढायच्या आधी फोटो काढून ठेवले होते, ते कामाला आले.

चालू केल्याबरोबर निळा पडदा आणि ४८ आकडे. कागद समोर ठेवून घातले. मग दुसराच निळा पडदा आला, 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस', म्हणजे विंडोज जिथून सुरू होतं ती डिस्कच त्याला वाचता येईना. माझे हातपाय गार पडले. शहापूरच्या दादांना निरोप टाकला, त्यांनी दहा मिनिटांत उत्तर दिलं. बायोसमध्ये साटा ऑपरेशन, म्हणजे बोर्डानं डिस्कशी बोलायची पद्धत, बघा म्हणाले. आधीच्या बोर्डावर ते 'रेड ऑन' असणार आणि ह्याच्यावर कुणीतरी 'एएचसीआय' करून ठेवलं असेल. तसंच होतं. बदललं, परत चालू केलं, परत ४८ आकडे. त्या दिवशी ते आकडे मला जवळजवळ पाठ झाले. आणि मग आमचं वॉलपेपर आलं, नागरगाळीच्या जंगलाचा फोटो, बाबांनी पावसात काढलेला. रोजचा चार आकडी पिन चालला नाही, कारण तोही टीपीएमशी बांधलेला असतो. खात्याचा पासवर्ड घातल्यावर आत गेले.

बिटलॉकर थांबवून परत चालू केलं, म्हणजे किल्ली नव्या बोर्डाशी बांधली गेली. त्यानंतर परत विचारलं नाही.

पेजमेकर उघडलं. साचा उघडला. अक्षरं जशीच्या तशी. मी बाबांना पहिली ओळ वाचून दाखवली, "आमच्या येथे श्रीकृपेकरून", आणि ते म्हणाले "पुढं?"

आता विंडोजचं. अपेक्षेप्रमाणं 'अ‍ॅक्टिव्हेट करा' असं आलं, हार्डवेअर बदललंय असा मजकूर आणि शेवटी एफ२११ असलेला कोड. सेटिंगमधल्या ट्रबलशूटरमध्ये 'मी ह्या मशीनचं हार्डवेअर बदललंय' असा पर्याय असतो, पण तो मायक्रोसॉफ्ट खातं आधीपासून जोडलेलं असेल तरच चालतो. आमचं नव्हतं. मग दादांनी सांगितल्याप्रमाणं पॉवरशेलमधून, म्हणजे विंडोजच्या कमांड लिहायच्या खिडकीतून, बोर्डाच्या चिपमधली की वाचली. होती, प्रोचीच. सेटिंगमध्ये 'प्रॉडक्ट की बदला' मध्ये ती घातली आणि अ‍ॅक्टिव्हेट झालं. १० ची की ११ ला चालते हे मला नवीन होतं.

इंटरनेट मात्र दुसऱ्या दिवशी आलं. केबलवाल्याकडं जुन्या राउटरचा नंबर नोंदलेला होता, नव्याचा नोंदवून घ्यायला लागला. आता ढग दिसले की आधी लॅनची वायर काढते, मग प्लग. दारावर आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवलंय, कारण दुपारी दुकानात भाची असते.

चारही पत्रिका गेल्या. सोळा दिवसांवरची अकरा दिवस आधी दिली.

निपाणीचा_हिशेबनीस

वाचून फार बरं वाटलं ताई. एक सुचवतो. हे जुनंच विंडोज किती दिवस चालवणार? सवडीनं एकदा नवीन घालून घ्या. बोर्ड बदललेल्या मशीनवर जुने ड्रायव्हर, म्हणजे एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, राहतात.

शहापूर_बोर्डवाला

तोच बोर्ड, तोच चिपसेट, म्हणजे ड्रायव्हरचा त्रास होणार नाही. वेगळ्या चिपसेटचा असता तर मी पण नवीनच घाला म्हटलं असतं. आषाढात काम कमी झालं की करा. आणि करताना ही एसएसडी पुसू नका. नवी ५०० जीबीची घ्या, जुनी काढून कपाटात ठेवा. पुसलेलं परत आणता येत नाही, कपाटातलं आणता येतं.

मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ११ ची फाइल घेऊन ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर करा. घालताना हार्ड डिस्कची वायर काढून ठेवा, म्हणजे चुकून 'पत्रिका' वर हात पडायला नको. सुरू करायच्या आधी साटा 'एएचसीआय' करा. आता नवीनच घालायचंय तर ते सोपं पडतं. की विचारणार नाही, चिपमधून वाचून प्रो घालेल, नेटला जोडल्यावर आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होईल. ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून मॉडेलच्या नावानं घ्या, सिरियल नंबरनं शोधू नका, कारण बोर्डातला नंबर त्या भंगारातल्या मशीनचा आहे. श्री-लिपी घालताना लॉक आधी लावू नका, ड्रायव्हर बसल्यावर लावा.

आणि एक नीट ध्यानात ठेवा. ११ च्या २४एच२ ह्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्यानं नवीन विंडोज घातलं की बऱ्याच मशीनवर डिस्कला न विचारता कुलूप लागतं. घातल्या घातल्या ते बघा, आणि लागलं असेल तर ४८ आकडे छापून घ्या.

पत्रिकावाली_खानापूर

नवी एसएसडी आणली. आषाढ लागला की बसते. निळ्या फाइलीत जागा आहे अजून.